शस्त्रक्रियेआधीचे दिवस : स्तनाच्या कर्करोगावरील उपचारचाचण्यांचा इतिहास

स्तनातील गाठ कर्करोगाची आहे असे निदान होणे आणि ती गाठ शस्त्रक्रियेने काढली जाणे या दोन घटनांमध्ये आज काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतचा काळ जाऊ शकतो, आणि याच काळात रुग्ण स्त्रीला एखाद्या नव्या उपचाराच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले जाते. विसाव्या शतकाच्या बहुतांश भागात हा काळ अस्तित्वातच नव्हता. किंबहुना तो असणे धोक्याचे आहे अशी शल्यचिकित्सकांची ठाम समजूत होती. शस्त्रक्रियेपूर्वी दिल्या जाणाऱ्या उपचारांच्या चाचण्यांचा इतिहास पाहू गेल्यास हा काळ कोणाच्या आग्रहामुळे निर्माण झाला आणि संशोधकांनी पुढे त्याचा कसा उपयोग करून घेतला, हेच प्रथम पाहावे लागते.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या ५० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि त्यानंतर जवळजवळ पाऊणशे वर्षे अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगावरील उपचार म्हणजे हॉलस्टेड यांची शस्त्रक्रिया असे समीकरण रूढ झाले. या शस्त्रक्रियेत संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी, म्हणजे शरीरातील लसिका नावाचा द्रव गाळणाऱ्या लहान गाठी, हे सर्व एकाच सलग तुकड्यात काढले जाई. मागे उरे ती बरगड्यांवर ताणलेली कातडी, आणि अनेकींच्या वाट्याला जन्मभर सुजलेला हात येई. कर्करोग प्रथम एका जागी वाढतो, तेथून लगतच्या ऊतींतून व लसिकाग्रंथींतून क्रमाक्रमाने बाहेर सरकतो, आणि म्हणून जितके लवकर व जितके रुंद कापावे तितका रोग बरा होण्याचा संभव अधिक, अशी यामागची धारणा होती. ही धारणा खरी मानली तर निदान आणि शस्त्रक्रिया यांत एका दिवसाचेही अंतर ठेवणे हा हलगर्जीपणाच ठरतो.

या तर्काला व्यवहारात जे रूप आले ते आज वाचतानाही अस्वस्थ करणारे आहे. गाठ असलेल्या स्त्रीला शस्त्रक्रियागृहात नेऊन पूर्ण भूल दिली जाई, गाठीचा तुकडा काढून तो शेजारच्या खोलीत विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवला जाई, तो विकृतिशास्त्रज्ञ तुकडा गोठवून त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काही मिनिटांत आपला निर्णय कळवी, आणि निर्णय कर्करोगाचा असल्यास त्याच भुलीखाली, त्याच टेबलावर स्तन काढून टाकला जाई. दोन्ही शक्यतांना मिळून एकच संमती आदल्या दिवशी घेतलेली असे. शुद्धीवर आल्यावर छातीवरची पट्टी चाचपून आपल्याला कर्करोग होता की नव्हता हे तिला समजे. अशा व्यवस्थेत दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला, घरच्यांशी बोलायला किंवा एखाद्या चाचणीत सहभागी व्हायचे की नाही हे ठरवायला जागाच नव्हती, कारण ज्या घटकेला निदान होई त्या घटकेला रुग्ण बेशुद्ध असे.

या व्यवस्थेला दोन बाजूंनी धक्के बसले. पहिला धक्का वैद्यकाच्या आतून आला. पिट्सबर्गचे शल्यचिकित्सक बर्नार्ड फिशर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून असे मत बनवले होते की कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे फार लवकर शरीरभर पोहोचतात, त्यामुळे छातीवरची काटछाट किती मोठी आहे यावर आयुष्याची लांबी ठरत नाही. हे मत पारखण्यासाठी त्यांनी अमेरिका व कॅनडातील रुग्णालयांच्या ‘एनएसएबीपी’ या गटामार्फत १९७१ मध्ये ‘बी-०४’ नावाची चाचणी सुरू केली. अशा चाचणीत कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टर ठरवत नाहीत व रुग्णही ठरवत नाही. ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरते, म्हणजे पुढे दोन गटांत जो फरक दिसेल तो उपचाराचाच आहे असे म्हणता येते. या पद्धतीला यादृच्छिक विभागणी म्हणतात आणि १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीपासून ती प्रमाण मानली जाऊ लागली होती. मात्र औषधाच्या गोळीसाठी चिठ्ठी टाकणे निराळे आणि स्तन किती कापायचा यासाठी चिठ्ठी टाकणे निराळे, असे बहुतेक शल्यचिकित्सकांना वाटे. बी-०४ मध्ये १,६६५ स्त्रिया सहभागी झाल्या, आणि हॉलस्टेड पद्धतीच्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नाही हे तिने दाखवले. २५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही तेच होते.

दुसरा धक्का रुग्णांकडून आला. २८ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर एकाच भुलीखाली तपासणी व हॉलस्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली, आणि दोनच दिवसांनी वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बी-०४ चे प्राथमिक निष्कर्ष मांडले गेले. त्याच वर्षी मेरीलँडमधील पत्रकार रोझ कुशनर यांना स्वतःच्या स्तनात गाठ आढळली होती. आधी फक्त तुकडा काढून तपासा, निकाल माझ्या हातात द्या आणि मग पुढचे ठरवू, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य करणारा शल्यचिकित्सक शोधताना त्यांना किती नकार पचवावे लागले हे त्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जून १९७९ मध्ये भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेच्या मंडळात कुशनर यांना स्थान मिळाले, आणि तपासणी व शस्त्रक्रिया हे दोन निरनिराळे टप्पे असावेत, मधल्या काळात रुग्णाला पर्याय समजावून सांगितले जावेत, अशी शिफारस त्या परिषदेने केली. वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत फिशर यांचे नाव ठळक असते आणि कुशनर यांचे बहुधा तळटीपेत. शस्त्रक्रियेआधीच्या चाचण्यांपुरते पाहिले तर हा क्रम उलटा असायला हरकत नाही, कारण मधला काळच नसता तर त्या काळात द्यावयाच्या औषधाची चाचणीही संभवली नसती.

लोकांना चाचणीत येण्यास राजी करणे सोपे नव्हते, हेही याच दशकात दिसून आले. केवळ गाठ काढून स्तन राखणे आणि संपूर्ण स्तन काढणे यांची तुलना करणारी फिशर यांची पुढची चाचणी, ‘बी-०६’, १९७६ मध्ये सुरू झाली आणि रुग्णांअभावी रखडली. अडचण रुग्णांची होती त्याहून अधिक डॉक्टरांची होती. तुमचा स्तन राहील की जाईल हे संगणक ठरवणार आहे, कारण कोणते बरे हे मला ठाऊक नाही, असे रुग्णाच्या समोर बसून सांगणे त्यांना जमत नव्हते. तेव्हा एक वेगळी युक्ती योजण्यात आली : चिठ्ठी आधी टाकायची, स्त्री कोणत्या गटात आली ते पाहायचे, आणि मग तो उपचार तिला सांगून संमती मागायची. सहभाग झपाट्याने वाढला. उपचार आधीच ठरलेला असताना डॉक्टर दोन्ही पर्याय सारख्याच तटस्थपणे मांडतील काय, हा आक्षेप मात्र तेव्हाही घेतला गेला आणि तो रास्तच होता. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी स्तन राखणे सुरक्षित असल्याचे दाखवले. इटलीतील मिलान येथे शल्यचिकित्सक उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांच्या चाचणीतून त्याआधी, १९८१ मध्ये, याच स्वरूपाचा निर्वाळा दिला होता.

औषध आधी आणि शस्त्रक्रिया नंतर, हा उलटा क्रम प्रथम नाइलाजाने आला. गाठ छातीच्या भिंतीला चिकटलेली किंवा कातडी फोडून बाहेर आलेली असेल तर शल्यचिकित्सकाच्या हाती काही नसे, आणि अशा रुग्णांना केमोथेरपी, म्हणजे पेशींची वाढ रोखणारी औषधे, आधी देऊन गाठ आटते काय हे मिलानच्याच कर्करोग संस्थेत १९७० च्या दशकात पाहण्यात आले. गाठी आटल्या. मग जिथे शस्त्रक्रिया शक्य आहे, पण गाठ मोठी असल्याने संपूर्ण स्तन काढावा लागेल, अशा स्त्रियांकडे त्याच संस्थेतील डॉ. जानी बोनादोन्ना यांनी लक्ष वळवले. १९९० मध्ये त्यांनी ३ सेंटीमीटर वा त्याहून मोठी गाठ असलेल्या १६५ स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचा स्तन औषध आधी दिल्यामुळे राखता आला होता.

फिशर यांची अपेक्षा याहून मोठी होती. त्यांच्या प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये मूळ गाठ कापून काढल्यावर अन्यत्र पसरलेल्या पेशी काही काळ अधिक वेगाने वाढताना दिसल्या होत्या, आणि औषध आधी दिल्यास ही उसळी रोखता येत होती. माणसातही असेच होत असेल तर शस्त्रक्रियेआधी दिलेली केमोथेरपी नंतर दिलेल्या केमोथेरपीपेक्षा अधिक जीव वाचवील, या अपेक्षेने १९८८ ते १९९३ या काळात १,५२३ स्त्रियांचा सहभाग असलेली ‘बी-१८’ ही चाचणी झाली. औषधे तीच, मात्राही तीच. एका गटाला शस्त्रक्रियेआधी आणि दुसऱ्या गटाला नंतर, एवढाच काय तो फरक. नऊ वर्षांनंतर आधी औषध घेतलेल्या गटातील ६९ टक्के आणि नंतर घेतलेल्या गटातील ७० टक्के स्त्रिया हयात होत्या. उंदरांवरून बांधलेली अटकळ माणसात खरी ठरली नाही. तथापि ज्या चाचणीला रूढ अर्थाने अपयशी म्हणता येईल तिनेच या क्षेत्राचा पुढचा मार्ग आखून दिला : उशीर केल्याने नुकसान होत नाही हे सिद्ध झाले, आणि आधी औषध घेतलेल्यांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांच्या काढलेल्या ऊतीत सूक्ष्मदर्शकाखाली आक्रमक कर्करोग शिल्लकच आढळला नाही. या स्त्रियांचे पुढील आयुष्य इतरांहून लक्षणीय चांगले गेले.

या चाचण्यांच्या विश्वासार्हतेलाही एकदा तडा गेला. माँट्रियल येथील सेंट ल्यूक रुग्णालयाचे डॉ. रोजर प्वासों यांनी अपात्र स्त्रियांना एनएसएबीपीच्या चाचण्यांत बसवण्यासाठी नोंदी बदलल्याचे उघड झाले, आणि त्याचा माग लागला तो एकाच रुग्णाच्या शस्त्रक्रियेच्या दोन अहवालांवर दोन वेगळ्या तारखा आढळल्यामुळे. मार्च १९९४ मध्ये वृत्तपत्रांनी हे प्रकरण लावून धरले आणि फिशर यांना गटाच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. पुढे ते निर्दोष ठरले, १९९७ मध्ये त्यांची क्षमाही मागितली गेली, आणि त्या रुग्णालयाची आकडेवारी वगळून पुन्हा केलेल्या गणनेत निष्कर्ष बदलले नाहीत. पण आपण ज्या चाचणीवर विसंबून स्तन राखला ती खोटी तर नव्हती ना, या भीतीने हजारो स्त्रियांनी ते महिने काढले, हे त्या गणनेत मोजले गेले नाही.

बी-१८ मध्ये काही स्त्रियांत दिसल्याप्रमाणे काढलेल्या ऊतीत रोग न उरणे याला ‘पूर्ण विकृतिशास्त्रीय प्रतिसाद’ म्हणतात, आणि एकविसाव्या शतकातील चाचण्या मुख्यतः याच मापावर उभ्या आहेत. शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या औषधाचा गुण पाहायचा तर रोग परततो की नाही यासाठी पाच-दहा वर्षे वाट पाहावी लागते, कारण जी गाठ पाहायची तीच निघून गेलेली असते. आधी दिलेल्या औषधाचा परिणाम सहा महिन्यांत समोर येतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी सप्टेंबर २०१३ मध्ये पर्टुझुमॅब या औषधाला शस्त्रक्रियापूर्व वापरासाठी सशर्त मान्यता दिली ती ४१७ स्त्रियांच्या अशाच एका चाचणीच्या आधारे. पुढच्याच वर्षी सुमारे १२,००० स्त्रियांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणाने थोडा लगाम घातला : ज्या स्त्रीत रोग उरत नाही तिचे भवितव्य चांगले असते हे खरे, पण एखाद्या औषधाने असा प्रतिसाद अधिक जणींत मिळवला म्हणून ते औषध अधिक जीव वाचवीलच असे त्यावरून सांगता येत नाही. या मापाच्या उत्साही पुरस्कर्त्यांना हा भेद अनेकदा सोयीस्करपणे विसरायला होतो. दुसरीकडे, ज्या स्त्रियांत रोग उरतो त्यांना ओळखून पुढे वेगळे औषध द्यावे, हा विचार जपान व कोरियातील ९१० रुग्णांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने फलदायी ठरवला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या शल्यचिकित्सक लॉरा एसरमन आणि संख्याशास्त्रज्ञ डॉन बेरी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘आय-स्पाय २’ या चाचणीने चिठ्ठी टाकण्याची रीतही बदलली. तिच्यात अनेक औषधे एकाच वेळी पारखली जातात, आणि एखाद्या प्रकारच्या गाठीवर एखादे औषध बरे चालत आहे असे दिसू लागले की त्या प्रकारची गाठ असलेल्या पुढच्या स्त्रियांची चिठ्ठी त्या औषधाकडे पडण्याची शक्यता वाढवली जाते. औषध पुरेसे आश्वासक ठरले की ते मोठ्या चाचणीकडे जाते आणि त्याची जागा दुसरे घेते. सहभागी स्त्रीच्या दृष्टीने हे महिने फार भरलेले असतात. गाठीचा नमुना सुईने पुन्हा पुन्हा काढला जातो, एमआरआय ठरावीक टप्प्यांवर काढला जातो, आणि उपचाराच्या आरंभी गाठीच्या जागी तिळाएवढी धातूची खूण सोडली जाते, कारण औषधाने गाठ पूर्ण विरघळली तर नेमके कुठे कापायचे हे नंतर शल्यचिकित्सकाला त्या खुणेवाचून सापडत नाही. ज्यांच्यात गाठीचा मागमूस उरत नाही त्यांना कापायचेच कशाला, हा प्रश्न आता अमेरिकेत विचारला जात असून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात ५० पैकी ३१ स्त्रियांवर शस्त्रक्रिया न करता केवळ किरणोपचार करण्यात आले.

मुंबईने शस्त्रक्रियेआधीच्या या काळाचा उपयोग वेगळ्या रीतीने केला. परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय १९६२ मध्ये केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आले, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञांमुळे तेथे उपचारासोबत संशोधनाचीही परंपरा रुजली. येथे येणाऱ्या रुग्णांत गाठ बरीच वाढल्यावर आलेल्या स्त्रियांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून नेहमीच जास्त राहिले, त्यामुळे औषध आधी देण्याची रीत येथे संशोधनाची हौस म्हणून नव्हे तर रोजची गरज म्हणून आली. नवी पेटंटधारी औषधे बहुतेकींच्या आवाक्याबाहेरची, आणि म्हणून चाचणी घ्यायची तर जुन्या, स्वस्त औषधाची, असे या रुग्णालयाच्या कामाला वळण लागले.

पुढे याच रुग्णालयात काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. राजेंद्र बडवे लंडनच्या गाय्ज रुग्णालयात असताना त्यांनी व सहकाऱ्यांनी पाळी चालू असलेल्या २४९ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या होत्या, आणि पाळीच्या चक्राच्या पूर्वार्धात शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा इतर दिवसांत झालेल्या स्त्रिया अधिक काळ जगल्या असे १९९१ मध्ये मांडले होते. इतरांच्या अभ्यासांत हा संबंध कधी दिसला, कधी दिसला नाही. चक्राच्या उत्तरार्धात शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक अधिक असते. तेव्हा वाट न पाहता तेच बाहेरून दिले तर काय होईल, या विचारातून टाटा मेमोरियलमध्ये १९९७ साली चाचणी सुरू झाली. १,००० स्त्रियांपैकी अर्ध्यांना शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉन वर्गातील औषधाचे एकच इंजेक्शन देण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता खात्रीलायक फरक आढळला नाही, परंतु काखेतील ग्रंथींत रोग पोहोचलेल्या स्त्रियांत पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेलेले दिसले. उपगटातील असा फरक योगायोगाचाही असू शकतो, हे संख्याशास्त्राचे पहिल्या धड्यातले सांगणे आहे, आणि म्हणूनच ते इंजेक्शन सर्वत्र रूढ झाले नाही. याच रुग्णालयात पुढे डॉ. सुदीप गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली ७२० स्त्रियांवर कार्बोप्लॅटिन या जुन्या औषधाची शस्त्रक्रियापूर्व चाचणी झाली. संप्रेरकांना किंवा हर-२ या प्रथिनावरील औषधांना दाद न देणाऱ्या, म्हणजे ‘ट्रिपल निगेटिव्ह’, गाठींत या औषधाचा लाभ पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांना झाल्याचे २०२२ च्या डिसेंबरात जाहीर झाले.

चाचणीत सहभागी होण्याचे नियमही भारतात याच वर्षांत घडत गेले. चाचण्यांची सार्वजनिक नोंद करणारी सूची २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ मध्ये नोंदणी सक्तीची झाली; इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला धारेवर धरल्यानंतर २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे आणि संमतीच्या चित्रफितीचे नियम आले, आणि २०१९ च्या नव्या नियमावलीत ते एकत्र बांधले गेले. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक, लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत त्रयस्थ साक्षीदाराची सही, आणि कोणतेही कारण न देता केव्हाही बाहेर पडण्याची मुभा, हे सर्व आज कागदावर आहे. गावाहून आलेली बाई मात्र अनेकदा पानांची चळत हातात धरून डॉक्टरांकडेच पाहते आणि तुम्ही सांगाल तसे करू असे म्हणते. अशी संमती कायद्याने पुरी असते, पण ती संमती आहे की विश्वास, हे चित्रफितीवरून ठरवता येत नाही.

बडवे यांच्या पुढच्या चाचणीने शस्त्रक्रियेआधीचा काळ आठवड्यांवरून मिनिटांवर आणला. गाठ हाताळली व कापली जात असताना तिच्यातील पेशींना पसरण्याची चेतना मिळत असावी, आणि जागा बधिर करण्यासाठी वापरले जाणारे लिडोकेन पेशींच्या पडद्यातील सोडियमचे मार्ग बंद करून ही चेतना रोखू शकेल, असे अनुमान होते. भारतातील ११ केंद्रांवर २०११ पासून सुमारे १,६०० स्त्रिया सहभागी झाल्या. त्यांतील अर्ध्यांच्या गाठीभोवती सर्व बाजूंनी लिडोकेन टोचून, ७ ते १० मिनिटे थांबून मग शस्त्रक्रिया करण्यात आली. पाच वर्षांनी लिडोकेन घेतलेल्या गटातील ९०.१ टक्के आणि दुसऱ्या गटातील ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या. औषधाची किंमत नगण्य असल्याने २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत हे निष्कर्ष मांडले गेले तेव्हा त्यांचे स्वागतही झाले आणि त्यांवर शंकाही घेतल्या गेल्या : दुसऱ्या गटाला नुसत्या क्षारजलाचे इंजेक्शन का दिले नाही, इतक्या अल्प काळाच्या औषधाचा इतका दीर्घ परिणाम कसा, आणि अन्य देशांत तो पुन्हा दिसेल काय. यांहून भारताच्या दृष्टीने महत्त्वाची मर्यादा चाचणीच्या रचनेतच होती. तिच्यात थेट शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रियाच घेतल्या होत्या. मोठी गाठ घेऊन येणाऱ्या आणि म्हणून महिनोन्महिने आधी केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रिया, ज्यांचा भारतीय रुग्णालयांच्या रांगेत मोठा वाटा आहे, त्या तिच्यातून वगळलेल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी हे इंजेक्शन कामाचे आहे की नाही याचे उत्तर या आकड्यांतून मिळत नाही.